दुष्काळाच्या हिशेबातली मुलं



ज्या बाईंच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी नोकरीची सगळी वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली. त्यामुळे इथे मुलांविषयी बोलावं हे ओघानंच आलं. हवामानबदल मात्र मी आणला आहे. संयोजकांनी विषय ऐकून विचारलं की हे जरा जड नाही का होणार. होईल कदाचित. पण मी वितळणाऱ्या हिमनद्यांबद्दल बोलणार नाही. बोलायचं आहे ते आपल्याकडच्या गोष्टींबद्दल: छावणी, शेततळं, कोयता आणि शाळेची घंटा.

२०१९ च्या उन्हाळ्यापासून सुरुवात करतो. बीड, अहमदनगर, सोलापूर, उस्मानाबाद या पट्ट्यात त्या वर्षी ठिकठिकाणी चारा छावण्या उभ्या होत्या. छावणी ही सोय जनावरांची. पण दावणीला बांधलेलं जनावर परक्या माळावर सोडून शेतकरी घरी झोपायला जात नाही. मग कुणी आजोबा मागे राहतात, कुणी नवरा-बायको, आणि त्यांच्याबरोबर मुलंही. छावणीचं अनुदान जनावरामागे ठरलेलं होतं. मोठं जनावर किती, लहान किती, चारा किती किलो, पेंड किती, कानातला बिल्ला, रोजची नोंद, सगळं चोख. त्याच मांडवाखाली राहणाऱ्या पोराची नोंद ठेवायचं कुणाला कारणच नव्हतं, कारण त्याच्यापोटी पैसे येत नव्हते आणि जातही नव्हते. शाळेच्या पटावर ते गावात होतं, प्रत्यक्षात माळावर.

मी छावणीच्या विरोधात नाही. छावण्या नसत्या तर कितीतरी गोठे कायमचे मोकळे झाले असते. माझं म्हणणं एवढंच आहे की सरकार संकटाशी जुळवून घेण्याची योजना आखतं तेव्हा आधी काहीतरी मोजायला घेतं, आणि जे मोजलं जातं त्याचीच काळजी घेतली जाते. आपण जनावरं, हेक्टर, घनमीटर, टँकरच्या खेपा, खातेदार आणि कुटुंबं मोजतो. मूल यांपैकी कशातच बसत नाही. ते कुटुंबाच्या पोटात गृहीत धरलेलं असतं.

हवामानबदलाच्या धोरणाला दोन अंगं आहेत. एक, धूर कमी करणं. दुसरं, जे बदललं आहे आणि बदलणारच आहे त्याच्याशी जमवून घेणं, म्हणजे अनुकूलन. पहिल्यावर परिषदा गाजतात. दुसरं मुकाट्यानं कृषी विभाग, जलसंधारण, आपत्ती व्यवस्थापन अशा खात्यांतून चालतं. भारताचा राष्ट्रीय कृती आराखडा २००८ साली आला. त्यात आठ मोहिमा होत्या: सौर ऊर्जा, ऊर्जाबचत, शहरी वसाहती, पाणी, हिमालय, वनं, शेती आणि ज्ञानसंवर्धन. आरोग्याला त्यात स्वतःची मोहीम नव्हती, मुलांना कुठून असणार? हे फक्त आपल्याकडचं नाही. जगातल्या प्रमुख बहुपक्षीय हवामान निधींनी दिलेल्या पैशाचा हिशेब २०२३ साली काही बालहक्क संस्थांनी युनिसेफबरोबर मांडला. मुलांचा ठळक विचार केलेल्या प्रकल्पांचा वाटा निघाला २.४ टक्के.

यावर ‘मुलांकडे दुर्लक्ष होतं’ असा निष्कर्ष सहज काढता येईल. मला तो अपुरा वाटतो. ज्याच्याकडे दुर्लक्ष होतं तो निदान बाजूला असतो. आपली मुलं बाजूला नाहीत, ती या अनुकूलनाचा खर्च उचलतात. दुष्काळात घर तगून राहतं ते मुलींनी भरलेल्या पाण्यावर, मुलांनी सोडलेल्या शाळेवर आणि लवकर उरकलेल्या लग्नांवर. हा खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात नसल्यामुळे योजना स्वस्त दिसते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी जात होतं आणि त्या गाडीची छायाचित्रं देशभर छापून आली. त्याच महिन्यात बीड जिल्ह्यात अकरा-बारा वर्षांची एक मुलगी भर उन्हात हातपंपाच्या खेपा करताना कोसळली आणि दगावली. रेल्वेच्या वाघिणी मोजता येतात. मुलींच्या खेपा कोण मोजतं?

आता शेततळ्याकडे येऊ. महाराष्ट्राच्या अनुकूलनाचं हे सर्वांत लाडकं रूप. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ साली आली. ३० बाय ३० मीटर आणि खोली ३ मीटर, हा त्यातला मोठा आकार, अनुदान तेव्हा जास्तीत जास्त ५० हजार रुपये होतं. कल्पना अशी की पावसाळ्यात वाहून जाणारं पाणी अडवायचं आणि खंड पडला की पिकाला एखाददुसरं पाणी द्यायचं. कल्पना चांगलीच आहे. प्रत्यक्षात काय होतं, हे ज्यांची शेती आहे त्यांना सांगायला नको. मुरमाड जमिनीत पाणी ठरत नाही, म्हणून प्लॅस्टिकचं अस्तर घालतात. अस्तर घातल्यावर पावसाची वाट कोण पाहतो? बोअरचं आणि विहिरीचं पाणी उपसून तळं भरून ठेवतात. डाळिंब जगतं, द्राक्षबाग जगते. शेजारच्या उथळ विहिरीचं काय होतं, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

मुलांच्या बाजूनं हे तळं कसं आहे ते पाहा. गावची जुनी विहीर पोरांना ठाऊक असते. तिला पायऱ्या असतात, काठ असतो, पोहायला शिकवणारा कुणी काका असतो. शेततळं वस्तीपासून दूर, शेतात. चारही बाजू उतरत्या. अस्तरावर पाणी आणि शेवाळ यांचा बुळबुळीत थर. एकदा पाय घसरला की धरायला काही नाही. मोठ्या माणसालाही त्या उतारावरून वर येता येत नाही, तिथे आठ वर्षांचं पोर काय येणार? उन्हाळ्याच्या सुट्टीत आईबाप कामात असतात आणि पोरं पाण्याकडे धावतात. भाऊ घसरतो, बहीण हात द्यायला जाते, दोघंही जातात. नाशिक, नगर, सोलापूर, संभाजीनगर, कुठल्याही आवृत्तीच्या आतल्या पानावर ही बातमी दर वर्षी असते, बहुतेक वेळा एका रकान्यात, चार-पाच इंचांची. ‘शेततळ्यात बुडून’ हे शब्द आपल्याला इतके सरावाचे झाले आहेत की वाचताना डोळा थांबत नाही.

उपाय काय, हे सगळ्यांना माहीत आहे. तारेचं कुंपण, काठाला बांधलेली गाठींची दोरी, तरंगती ट्यूब. तळ्याच्या खर्चापुढे ट्यूब आणि दोरी म्हणजे किरकोळ. मग ती सगळीकडे का नसते? कारण कामाचं मोजमाप खोदलेल्या घनमीटरवर होतं आणि पैसेही त्याच्यावरच मिळतात. टेपनं लांबी-रुंदी घेतली, फोटो चढवला, काम पूर्ण. शेतकरी निष्काळजी असतो असं मी म्हणणार नाही. बुडणारं पोर त्याचंच असतं. पण ज्या गोष्टीला मापपुस्तकात जागा नाही ती ‘पुढच्या हंगामात करू’ यादीत जाते. अनुकूलनाच्या यशस्वी कामानंच मुलांसाठी एक नवा धोका उभा केला, आणि हा धोका नोंदवण्याची जबाबदारी कृषी खात्याची नाही, शिक्षण खात्याचीही नाही. तो पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यू म्हणून नोंदला जातो.

यावर मला नेहमी एक प्रश्न विचारला जातो, आणि तो प्रामाणिक प्रश्न आहे. घर सावरलं की मूल आपोआप सावरत नाही का? शेतकऱ्याच्या हाती चार पैसे आले की तो पहिल्यांदा पोरांचंच बघतो. मग मुलांचा वेगळा विचार कशाला?

बऱ्याचदा हे खरंही असतं. पण घर सावरण्याचा मार्ग कोणता, त्यावर सगळं अवलंबून आहे. मराठवाड्यातल्या कोरडवाहू घरांनी दुष्काळाशी जुळवून घेण्याचा जो मार्ग फार पूर्वीच शोधला, तो म्हणजे ऊसतोड. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत तिकडेच असतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. मजुरीचं माप ‘कोयता’. एक कोयता म्हणजे एक जोडपं. नवरा-बायको दोघं मिळून एक माप! घराच्या दृष्टीनं हे अनुकूलन यशस्वी आहे: पाऊस पडो न पडो, उचल हातात येते. मुलाच्या दृष्टीनं शाळेचं निम्मं वर्ष गेलं. ते कोपीत राहतं, धाकट्याला सांभाळतं, पहाटे आईबाप फडात गेले की चूल बघतं, थोडं मोठं झालं की वाढे गोळा करतं. मार्चअखेर गावी परततं तेव्हा वर्गातले धडे संपलेले असतात.

आणि माप जोडप्याचं असल्यामुळे एकट्या तरुणाला उचल कमी आणि जोडीला जास्त. वयात येणारी मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची ही भीती वेगळीच. या दोन्हींचा परिणाम लग्नाच्या वयावर होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ च्या पाहणीत, २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात २१.९ टक्के होतं. बीड जिल्ह्यात ४३.७ टक्के. सगळा दोष दुष्काळावर ढकलणं चूक ठरेल. हुंडा आहे, जात आहे, ‘मुलगी उजवली की सुटलो’ ही मनोवृत्ती आहे. पण ही लग्नं कुठल्या वर्षी वाढतात आणि कुठल्या महिन्यात उरकली जातात हे गावातल्या कुठल्याही अंगणवाडी सेविकेला विचारा.

सरकारला हे कळत नाही असंही नाही. साखरशाळा निघाल्या. पुढे विचार झाला की मुलांना फडावर नेण्यापेक्षा गावातच ठेवावं, म्हणून हंगामी वसतिगृहं आली: मूल आजीजवळ किंवा नातलगांकडे राहतं, शाळा समिती जेवणाची सोय करते. ही योजना मला मनापासून आवडते, कारण तिच्यात माप मूल आहे. कोणत्या गावातून किती मुलं जाणार, किती राहणार, हे तिला आधी मोजावंच लागतं. तिची दरवर्षीची तक्रारही ठरलेली आहे: टोळ्या निघून गेल्यावर मंजुरी येते. कारखान्यांचं गाळप कधी सुरू होणार हे सरकारच ठरवतं. मग त्याच बैठकीत वसतिगृहांची तारीख का ठरू नये? गाळपाची बैठक सहकार खात्याची, वसतिगृह शिक्षण खात्याचं, आणि दुष्काळ महसूल खात्याचा. मूल या तिन्ही कचेऱ्यांच्या मधल्या बोळात उभं आहे.

उन्हाबद्दल थोडं कमी बोलतो, कारण त्यावर हल्ली बरंच लिहिलं जातं. लहान मुलाचं अंग वजनाच्या मानानं जास्त उघडं असतं, त्याला घाम कमी येतो, त्यामुळे ते मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. आणि तहान लागली हे तान्ह्या बाळाला सांगता येत नाही. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात उष्णतेच्या लाटेनं तेराशेहून अधिक जास्तीचे मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ साली त्या शहरानं दक्षिण आशियातला पहिला उष्मा कृती आराखडा केला. त्याची जाहिरात झाली ती इशाऱ्यांच्या रंगांची आणि पाणपोयांची. मला त्यातली वेगळीच गोष्ट लक्षात राहिली आहे. तिथल्या महापालिकेच्या शारदाबेन रुग्णालयात प्रसूती विभाग सर्वांत वरच्या मजल्यावर होता, गच्चीच्या खाली, आणि उन्हाळ्यात तापलेली नवजात बाळं अतिदक्षता विभागात येत होती. डॉक्टरांनी नोंदी तपासल्या आणि विभाग तळमजल्यावर आणला. बाळांचं दाखल होणं कमी झालं. यंत्र नाही, निधी नाही, खाटा खाली आणल्या. आपल्याकडच्या किती अंगणवाड्या पत्र्याखाली भरतात, आणि त्यांतल्या किती मार्चमध्ये शेजारच्या समाजमंदिरात हलवता येतील, हे पर्यवेक्षिका एका दुपारी लिहून देईल. कुणी मागितलं तर.

शाळांच्या बाबतीत आपला हमखास उपाय म्हणजे सुट्टी. ऊन वाढलं, सुट्टी. पूर आला, सुट्टी. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत सांगली-कोल्हापूरकडे शाळा हीच निवाऱ्याची जागा होती, म्हणजे पाणी ओसरलं तरी वर्ग लगेच भरत नाहीत. युनिसेफनं २०२४ या एका वर्षाचा हिशेब मांडला तेव्हा हवामानामुळे शिक्षण खंडित झालेली मुलं जगभरात २४ कोटींवर गेली. सुट्टी देणं चूक नाही, मुलाचा जीव आधी. पण सुट्टी देताना आपण काय काढून घेतो हे पाहायला हवं. शिक्षणहक्क कायद्यानं पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस आणि सहावी ते आठवी २२० दिवस शाळा भरली पाहिजे असं सांगितलं आहे. आणि शाळेबरोबर दुपारचं जेवण आहे. श्रीमंताच्या मुलाला उष्णतेच्या सुट्टीत एसी मिळतो, मजुराच्या मुलाचं एक जेवण जातं.

विदर्भाकडे बघा. उरलेल्या महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात त्या जूनच्या शेवटच्या आठवड्यात. ‘हवामान अनुकूलन’ हे शब्द कुणी ऐकलेही नव्हते तेव्हापासून. दिवस कापायचे नाहीत, पुढे सरकवायचे, इतकं साधं शहाणपण. सकाळची शाळा हाही त्यातलाच प्रकार. आता मात्र सकाळची शाळा करतानाही खिचडी किती वाजता, स्वयंपाकी ताई किती वाजता येणार, सात वाजता तीन किलोमीटर चालून येणारी मुलगी किती वाजता उठणार, याचा विचार आदेशात दिसायला हवा.

मी जुन्या गोष्टी पुन्हा पुन्हा काढतो आहे हे तुमच्या लक्षात आलं असेल. मुद्दाम काढतो आहे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ते इथे आहेत. खडी फोडायला गावंच्या गावं बसली होती, अमेरिकेतून आलेला लाल मिलो खाऊन पोटं बिघडत होती, आणि त्याच कामांवर सुकडी वाटली जात होती. सुकडी खाल्लेली माणसं अजून तिची चव सांगतात, चांगली म्हणून नव्हे. पण दुष्काळी कामावर पोषक आहार हवा हे प्रशासनाला तेव्हा सुचलं होतं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी १९७७ साली कायदा झाली. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत तर लिहिलं गेलं की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. पाच मुलं असं माप कायद्यातच होतं! अंमलबजावणी किती ठिकाणी दिसली, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारा. हे मुद्दाम सांगतो, कारण मुलाला मापात घ्यायचं कसं, हे आपल्या कायद्याला ठाऊक नाही असं कुणी म्हणू नये.

आणि २००४ चा एप्रिल. अन्नहक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला की दुष्काळी भागांत उन्हाळ्याच्या सुट्टीतही मध्यान्ह भोजन दिलं जावं. माझ्या मते भारतातला अनुकूलनाचा हा एक उत्तम आदेश आहे, आणि त्यात हवामान हा शब्दसुद्धा नाही. शाळा बंद असेल, जेवण बंद नाही. दुष्काळ जाहीर झाला की तो मुलाच्या ताटापर्यंत कसा पोहोचावा, हे एका ओळीत सांगितलं.

न्यायालयाचा विषय निघाला म्हणून हक्कांबद्दल. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेवर भारतानं १९९२ साली शिक्कामोर्तब केलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्या संहितेच्या समितीनं २६ वी सर्वसाधारण टिप्पणी काढली. ती पर्यावरण आणि हवामानबदलावर आहे, आणि अनुकूलनाच्या योजना आखताना मुलं कुठे उघडी पडतात हे राज्यांनी शोधावं असं त्यात म्हटलं आहे. मुलांनी स्वतः दारं ठोठावून पाहिली आहेत. हरिद्वारची रिद्धिमा पांडे नऊ वर्षांची असताना, २०१७ साली, राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. अर्ज निकालात निघाला. पुढे ती आणि जगभरातली आणखी १५ मुलं त्या समितीकडे गेली. २०२१ साली उत्तर मिळालं की आधी आपापल्या देशातल्या न्यायालयांत जा.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२४ मध्ये रणजितसिंह खटल्यात म्हटलं की हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या १४ आणि २१ या कलमांतून निघतो. हा खटला माळढोकांसाठी होता. राजस्थान-गुजरातेत विजेच्या तारांना धडकून मरणारे माळढोक. आपल्या नान्नजच्या माळावरून तो पक्षी जवळजवळ गेलाच, पण जाता जाता माणसांच्या पोरांना एक हक्क देऊन गेला, असं म्हणायला हरकत नाही. या हक्काचा उपयोग आपण कधी आणि कुठे करणार? उच्च न्यायालयात जाणं प्रत्येक गावाला जमणार नाही.

गावाला जमेल असं एक ठिकाण आहे. ग्रामपंचायत विकास आराखडा आता नऊ संकल्पनांवर बेतलेला असतो. तिसरी संकल्पना बालस्नेही गाव, चौथी जलसमृद्ध गाव. पंचायतीनं यांतली एखादी निवडून संकल्प सोडायचा. बहुतेक गावं पाणी निवडतात, आणि निवडणारच. टँकर दारात असताना दुसरं काय निवडतील? पण तिसरी आणि चौथी या वेगळ्या का असाव्यात? जलसमृद्धीच्या यादीत शेततळ्यांची नावं येतात. तिथेच कुंपण, दोरी, ट्यूब असे रकाने जोडायला शासननिर्णय लागत नाही, ग्रामसभेचा ठराव पुरतो.

दुसरं, त्या सभेला शाळेतल्या गुरुजींना किंवा बाईंना हजेरीपट घेऊन बोलवा. दुष्काळाची खरी नोंद महसूल खात्याच्या पैसेवारीइतकीच या पटातही आहे. दिवाळीनंतर कोणती नावं गळाली, फेब्रुवारीत मुलींचे खाडे कधी वाढले, सातवीनंतर कोण परत आलंच नाही. हे वर्षानुवर्षं लिहिलेलं आहे आणि कपाटात आहे. पुढच्या आराखड्याला शेततळ्यांच्या यादीबरोबर त्या पटाच्या गोषवाऱ्याची एक पानभर प्रत जोडली, तर योजना सुरू होण्याआधीचा आणि तीन वर्षांनंतरचा पट शेजारी ठेवून बघता येईल. मुलींचे खाडे तेवढेच राहिले असतील, तर तळी भरलेली असूनही ती योजना फसली असं त्या सभेनं कागदावर लिहावं आणि तो कागद तालुक्याला पाठवावा.